चौसष्टच्या पुढे

योकोतेत सकाळ उजाडते ती फावड्याच्या आवाजाने.
शेजारचे हिरोनागा छपरावरचा बर्फ ओढत असतात
आणि आत तोकुजी, माझे सासरे, वय पंच्याऐंशी,
गुडघे मोडून बसतात ताटासमोर.
खारवलेल्या सामनचा तुकडा, कातडी करपलेली,
धुरी दिलेल्या मुळ्याच्या दोन चकत्या,
मिसोचं सार, वाफ जाईपर्यंत कुणी हात लावायचा नाही,
भात,
आणि भाताच्याच पेंढीत गुंडाळलेलं
ते.

मी वाकायामाची. आमच्याकडे उमेची फळं मिठात मुरवतात,
जीभ आक्रसते, पण नाक सुखात असतं.
भाताला तार सुटली
तर माझी आई वाटी कोंबड्यांपुढे उपडी करायची.
इथे तार सुटावी म्हणून
उकडलेलं सोयाबीन उबेत निजवतात,
बाळंतिणीसारखं पांघरूण घालतात,
दोन दिवसांनी हुंगून म्हणतात, जमलं.

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी मी म्हटलं,
"नात्तो बिघडलाय वाटतं."
सगळे हसले. सासूबाई तर डोळे पुसेपर्यंत.
तोकुजी हसले नाहीत.
उठले, खिडकी चार बोटं उघडली,
परत येऊन बसले.

त्याला बत्तीस वर्षं झाली.
मी माझा पाव ओट्याशी उभ्याने खात आले,
आणि खिडकी रोज चार बोटं, जानेवारीतसुद्धा.
मला वाटायचं, म्हाताऱ्याला बर्फ बघायची हौस.

शंभर वेळा ढवळायचं हा त्यांचा नेम.
आधी सोया सॉस नाही, मोहरी नाही, पातीचा कांदा नाही,
नुसत्या काड्या आणि मोठ्याने आकडे.
दहापर्यंत दाणे आपापले असतात,
तिशीत एकमेकांना धरू लागतात,
पन्नाशीनंतर फेस येतो
आणि काडी उचलली की सगळी वाटी
मागोमाग यायला बघते.
या घराचं घड्याळ तेच होतं.
माझा नवरा सत्तरला बूट चढवायचा,
मुलगी नव्वदला दप्तर शोधायची.

आता नवरा नोशिरोच्या बंदरात, रात्रपाळीला,
मुलगी सेंदाईत.
तोकुजींचं एकेक गळत चाललंय.
आधी नातीचं नाव गेलं,
मग मोज्यांचा खण,
मग सासूबाई गेल्या, हेच गेलं.
तीनदा सांगितलं, तिन्हीदा पहिल्यांदा ऐकल्यासारखे रडले.
चौथ्यांदा मी म्हटलं, बाजारात गेल्यात.

आज चौसष्टवर काड्या थांबल्या.
माझ्याकडे पाहिलं, परक्या माणसाकडे पाहतात तसं, अदबीने.
"आपण कुठल्या?"
"वाकायामाची."
"फार लांब," म्हणाले, आणि वाटी खाली ठेवून
टेबलाचा आधार घेत, एक गुडघा, मग दुसरा,
उठले.
खिडकीपाशी गेले. चार बोटं.
बर्फाचा भुगा चटईवर आला.
"माफ करा," ते मला हळूच म्हणाले,
"घरात सून आहे. नवीन आहे.
तिला वास सोसत नाही, पण बोलायची नाही ती."

सार निवलं होतं.
हिरोनागांचं फावडं कुठेतरी दगडाला लागलं.

मी वाटी ओढून घेतली.
"पासष्ट," म्हटलं.
सहासष्टला ते समोर येऊन बसले.
सत्तरला ओठ हलू लागले,
ऐंशीपासून आवाज फुटला, माझ्यापेक्षा खणखणीत,
शंभराला मोहरीची पुडी त्यांनीच फोडली.

भातावर ओतताना एक दाणा माझ्या मनगटावर पडला.
पुसायला फडकं नव्हतं. चाटला.

नाही आवडला.
अजूनही नाही.

पण तार मात्र मनगटापासून वाटीपर्यंत ताणली गेली,
खिडकीतल्या वाऱ्यावर हलत राहिली,
आणि आम्ही दोघं
ती तुटते का, बघत बसलो.